ऑइल गाडीतच आहे

२ फेब्रुवारी, रविवार

सासऱ्यांचा फोन. रविवारचा नेम. हिच्याशी अर्धा तास, माझ्याशी एक वाक्य: "ऑइल बदललं का?"

गाडी मुळात त्यांची. एक डोळा काचबिंदूने गेला आणि दुसऱ्याचाही भरवसा वाटेना, तेव्हा स्वतःहून किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "बाकी काही करू नका. दर आठ हजाराला इंजिन ऑइल तेवढं बदला." मी मान डोलावली. किल्ली घेताना माणूस कशालाही मान डोलावतो.

आठ हजार किलोमीटर होऊन वर अडीच हजार झालेत. "या आठवड्यात बदलतो" म्हणालो.

नाही बदलणार. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. मी सोळा वर्षं गाद्यांच्या शोरूममध्ये आहे, सहा वर्षं मॅनेजर. "गादी दर आठ वर्षांनी बदलावी" हे मी रोज गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून सांगतो. हे कोणी ठरवलं? पाठीच्या डॉक्टरने? नाही. आमच्या सेल्स मीटिंगमध्ये ठरलं. आधी दहा होतं. एका वर्षी माल उठेना, म्हणून आठ झालं. तेव्हापासून कोणीही "दर अमुक इतक्याला बदला" म्हणालं की मला आतून हसू येतं. चोराला चोराच्या वाटा माहीत.

१० फेब्रुवारी, सोमवार

शोरूमसमोरच्या मेकॅनिकला सहज विचारलं. सहजच. म्हणाला, "साहेब, लगेच घेऊन या." ऑइल, फिल्टर, शिवाय इंजिन आतून धुणं, वायपर, सीट कव्हर, आणि परफ्यूमची बाटली फुकट.

बघा. सीट कव्हरचा आणि ऑइलचा काय संबंध? हा पण आमच्यातलाच.

निर्णय पक्का.

९ मार्च, रविवार

फोन. तोच प्रश्न. "हो, बदललं."

तोंडातून निघून गेलं. पण निघाल्यावर किती हलकं वाटलं! गॅरेजमध्ये दोन तास मोडले असते, ते एका वाक्यात झालं. ते खूश. "आता कशी चालते?" म्हणाले. मी म्हणालो, "एकदम मऊ." गादीवाल्याच्या तोंडी दुसरा शब्द कुठून येणार.

खोटं नाही हे. उद्या बदलेनच. म्हणजे आज जे बोललो ते उद्यापासून खरं. फक्त एक दिवस आधी बोललो.

१० मार्च, सोमवार

मेकॅनिक सोमवारी बंद असतो. फेब्रुवारीतल्या सोमवारी कसा उघडा होता, कळत नाही.

१९ मार्च, बुधवार

इमारतीच्या पार्किंगमध्ये आमच्या गाडीखाली काळा डाग. बशीएवढा. खालच्या मजल्यावरच्या वकिलांची गाडी आधी तिथे लागायची, तिचा असणार. लोक गाड्यांची काळजी घेत नाहीत.

२ एप्रिल, बुधवार

गाडी दुसऱ्या जागी लावायला लागलो होतो. तिथेही डाग. ताटाएवढा.

वकिलांनी तिथेही लावली असणार.

१३ एप्रिल, रविवार

गाडी सिग्नलला उभी असताना डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. छोटी तेलाची झारी, टोकाला एक थेंब. ॲक्सिलरेटरवर पाय दाबला की जातो. म्हणजे दिव्याची वायर ढिली. गंभीर काही असतं तर पाय दाबूनही गेला नसता.

ही शेजारी होती. म्हणाली, "कसला दिवा?" म्हटलं, सेन्सर. ती गप्प बसली. 'सेन्सर' म्हटलं की माणसं गप्प बसतात.

रात्री तिने बाबांना फोनवर सांगताना ऐकलं: "नाही, गाडीचं सगळं तोच बघतो." बरं वाटलं.

१९ एप्रिल, शनिवार

मोठा दिवस. ऑइल विकत घेतलं! पेट्रोल पंपावरून. चार लिटरचा चांगला डबा, सोनेरी झाकण. गाडीच्या डिकीत ठेवला. उद्या रविवार आहे, निवांत घालीन. कुठे घालतात तेही बघीन, बॉनेटखाली दोन-तीन झाकणं दिसली.

आता कोणी विचारलं तर सरळ सांगता येईल की ऑइल गाडीत आहे. आणि ते शंभर टक्के खरं.

२० एप्रिल, रविवार

डोकं दुखत होतं. बाबांचा फोन आला. विचारायच्या आधीच मी सांगितलं, "ऑइल गाडीत आहे." म्हणाले, "ते तर मार्चमध्येच झालं ना?" हो हो, म्हटलं, तेच.

त्यांचा आवाज आज बारीक वाटला. डोळ्यापुढे काजवे चमकतात म्हणे, काळे ठिपके तरंगतात. चांगला होता तो एकच डोळा. ही म्हणाली, त्यांना इथे आणू, डॉक्टरला दाखवू. त्यांना इथे आणण्याला माझा काही आक्षेप नाही. फक्त ते गाडीत बसतील.

६ मे, मंगळवार

दिवा आता वळणावर पण लागतो. जास्त वेळ राहतो. रस्त्याऐवजी सारखं तिकडेच लक्ष जातं, आणि हे ड्रायव्हिंगच्या दृष्टीने धोक्याचं. उपाय केला. शोरूममध्ये गोल स्टिकर असतात, 'दहा वर्षांची गॅरंटी' लिहिलेले, गादीच्या कोपऱ्यावर लावायचे. बरोब्बर मापाचा निघाला.

आता लक्ष रस्त्यावर.

१५ मे, गुरुवार

बाबा आले. बसने. स्टँडवरून गाडीने आणलं. दोन सिग्नल, एक पूल, पाच मिनिटं. डोळे अधू झाल्यापासून त्यांचे कान फार तयार झालेत. निम्म्या वाटेत म्हणाले, "रेडिओ जरा कमी करा." मी म्हटलं, बातम्या आहेत. बातम्या नव्हत्या, सिमेंटची जाहिरात होती.

भूगोलाचे मास्तर होते ते. बसल्या जागी नदीचा उगम सांगतील, पण गाडीच्या इंजिनातलं त्यांना काय कळतं? कोणीतरी कधीतरी सांगितलं, दर आठ हजार, की यांनी पाठ केलं. मास्तरांचं असंच.

इंजिन जरा बोलकं झालंय, हे खरं. टक टक टक. थंड असताना कमी, तापलं की जास्त. जुनी गाडी म्हणजे म्हाताऱ्या माणसासारखी, थोडी कुरकुर चालायचीच.

२७ मे, मंगळवार

कॅशिअरबाई शोरूमच्या दारात उभ्या होत्या. मी गाडी लावली तेव्हा म्हणाल्या, "सर, मला वाटलं कोणीतरी पत्रा ठोकतंय." फार आगाऊ झाल्यात. यंदाच्या रिपोर्टमध्ये लिहायला पाहिजे.

गाडी घराच्या दारातून काढताना निळसर धूर. उन्हाळ्यात असं दिसतं.

शनिवारी मेकॅनिककडे टाकतो. नक्की. परफ्यूमची बाटली नको म्हणून आधीच सांगीन.

३१ मे, शनिवार

सेल. श्वास घ्यायला फुरसत नाही.

३ जून, मंगळवार

इथल्या डॉक्टरांनी बाबांना तपासलं. डोळ्याचा पडदा सुटत चाललाय. इथे ऑपरेशन होत नाही, डोंगरापलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये परवा सकाळी पोचायचं. उशीर चालणार नाही, असं दोनदा म्हणाले. तोवर बाबांनी आडवं राहायचं, डोकं एका कुशीला, हलवायचं नाही.

ही म्हणाली, आपण टॅक्सी करू.

का? घरात गाडी असताना? बाबांचीच गाडी. मागची पूर्ण सीट मोकळी, आमच्या शोरूमची उशी देतो, मेमरी फोमची. मी स्वतः नेणार. जावई म्हणून माझं काही आहे की नाही?

ही स्वयंपाकघरात आली, दार लोटून घेतलं. माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "एकच विचारते. गाडी ठीक आहे ना? ऑइल-बिइल सगळं झालंय ना?"

मी म्हणालो, "ऑइल गाडीत आहे."

तिने श्वास सोडला. "मग ठीक," म्हणाली. माझ्या खांद्यावर हात ठेवला. पुष्कळ दिवसांनी.

४ जून, बुधवार

आज घालायचं होतं. सकाळी डिकी उघडून डबा बघितला पण. झाकण सीलबंद. जुनं आधी काढावं लागतं खालून, म्हणजे गाडीखाली शिरावं लागतं, म्हणजे कपडे. मेकॅनिककडे गेलो तर आधीच तीन गाड्या. म्हणाला, "साहेब, आज जमणार नाही, उद्या टाका." उद्याच तर जायचंय.

वरून थोडं ओतावं असंही मनात आलं. पण जुन्यात नवं मिसळलं तर बिघडेल. नको ते प्रयोग ऐन वेळी नकोत. इतके महिने चालली, अजून एक दिवस चालायला काय होतंय. परत आलो की पहिलं काम हेच. लिहून ठेवतो: पहिलं काम.

झोप येत नाही. काळजी बाबांची, दुसरी नाही.

५ जून, गुरुवार. हॉस्पिटल, दुपार

हातात वेळ आहे म्हणून लिहितो. क्रमाने लिहावं.

पहाटे निघालो. बाबा मागे आडवे, उशीवर डोकं. ही पुढे, पण पूर्ण वेळ मागे वळून. सपाट रस्ता होता तोवर गाडी उत्तम. टक टक होती, पण मी रेडिओ लावला होता.

चढ लागल्यावर आवाज बदलला. टक टकची ठक ठक झाली. रेडिओलाही जुमानेना. मागून बाबा म्हणाले, "आवाज बरा नाही. बाजूला घ्या."

म्हटलं, बाबा, उशीर होईल. डॉक्टर काय म्हणाले आठवतंय ना?

ते म्हणाले, "थांबवा."

ही म्हणाली, "अरे, थांबव ना."

पुढे बोगदा दिसत होता. बोगदा ओलांडला की उतार, आणि उतारावर इंजिनला ताण नसतो. माझा हिशोब सरळ होता. आजही तो हिशोब चुकला असं मी म्हणणार नाही. बोगदाच जरा लांब निघाला.

आत गेल्यावर अंधार झाला आणि स्टिकरच्या कडेने लाल उजेड दिसायला लागला. गोल, बारीक रिंगण. दिवसा दिसत नव्हता. हिने तो बघितला. हात पुढे केला, नखाने स्टिकर काढला आणि बोटावर धरून वाचला. गॅरंटी. मग माझ्याकडे बघितलं.

तेवढ्यात ठक ठक थांबली. मला वाटलं, सुटलो. एक मोठा आवाज झाला, लोखंड लोखंडात रुतल्यासारखा, आणि सगळंच थांबलं. स्टिअरिंग दगड. ब्रेक दगड. गाडी थोडी सरकली आणि बोगद्याच्या मधोमध उभी राहिली. जळका वास.

किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. मी किती वेळ फिरवत होतो माहीत नाही. ही कधी उतरली, कधी तिने मागचं दार उघडून बाबांना बाहेर काढलं, मला कळलं नाही. ती काचेवर मूठ आपटत होती. "उतर! उतर आधी!"

आम्ही भिंतीला धरून चाललो. पुढे ही, तिच्या खांद्यावर एक हात ठेवून बाबा, दुसरा हात भिंतीवर. मान एका बाजूला धरलेली, डॉक्टरांनी सांगितलं होतं तशी, जराही न हलवता. पाठीमागे मी. बाजूने ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकबरोबर वारा अंगावर यायचा आणि बाबा थबकायचे. हॉर्न बोगद्यात कुठून येतो कळत नाही, पुढून की मागून. बाबांनी एकदाच विचारलं, "अजून किती?" ही म्हणाली, "जवळच आहे बाबा." उजेड पार लांब होता, नाण्याएवढा.

भिंतीत एक कोनाडा होता, इमर्जन्सी फोनसाठी. तिथे शिरलो आणि मागे ब्रेक किंचाळले. मग तो आवाज.

ट्रकवाला चांगला माणूस निघाला. त्याला काही झालं नाही. तोच धावत आला आणि विचारलं, "आत कोणी होतं का?" ही म्हणाली, नाही. मी बघायला गेलो. डिकी पार आत गेली होती. मागची सीट पुढच्या सीटला टेकली होती. उशी मध्ये, चपटी.

बाबा मागे झोपले होते.

रस्त्यावर काहीतरी सोनेरी वाहत होतं, माझ्या बुटांपर्यंत आलं. डबा फुटला होता.

५ जून, नंतर

बोगद्यावरच्या लोकांच्या जीपने बाहेर आलो, तिथून टॅक्सी. हॉस्पिटलला दोन तास उशीर. आजची ऑपरेशनची वेळ दुसऱ्याला दिली. बाबांना आडवं करून ठेवलंय. उद्या सकाळी पहिला नंबर. डॉक्टर म्हणाले, एवढं चालायला नको होतं. पडदा आणखी सुटला असेल तर बघावं लागेल.

त्यांचा एक तळहात भिंतीच्या काजळीने काळा झालाय. नर्सने पुसला, पण रेषांमधलं निघालं नाही.

कॉरिडॉरमध्ये आम्ही दोघं. बाकावर. हिने विचारलं, "ऑइल कधी बदललं होतंस?"

म्हटलं, गाडीत होतं.

"गाडीत म्हणजे कुठे?"

म्हटलं, डिकीत.

मला वाटलं ती ओरडेल. मी तयारी पण केली होती, की सेन्सर, की मेकॅनिक, की सेल. ती ओरडली नाही. पर्स उचलली आणि समोरच्या बाकावर जाऊन बसली. बाक रिकामाच होता. तसा माझ्या बाकावरही भरपूर जागा होती.

६ जून, शुक्रवार

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, अगदी काठावर आलात, पण पडदा बसला. नजर येईल. हळूहळू.

म्हणजे सगळं वेळेत झालं, असंच म्हणायला हवं. मी हिला तसं म्हणालो. तिने ऐकलं नसावं.

११ जून, बुधवार

मेकॅनिकने गाडी ओढून आणली, त्याचा फोन. मागून काही उरलं नाही हे माहीत होतं. त्याने इंजिन पण उघडून बघितलं. आत ऑइल जवळजवळ नव्हतंच, जे होतं ते डांबरासारखं, बोटाला चिकटणारं. म्हणाला, "साहेब, हे कधी बदललं होतं?" म्हटलं, ट्रकने ठोकली आहे, मुख्य मुद्दा तो आहे. तो म्हणाला, "ट्रकने ठोकायच्या आधी ही मेलेली होती."

या लोकांना बोलायची पद्धत नसते.

गाडी भंगारात. ही स्वतः जाऊन सही करून आली. मला सांगितलं नाही. किल्ली कुठे ठेवली तेही सांगितलं नाही. आता किल्लीचा उपयोग तरी काय.

१२ जून, गुरुवार

आज बसमध्ये एक विचार आला. आधी सांगितलं असतं तर? म्हणजे तीन तारखेला, स्वयंपाकघरात. "नाही बदललं" एवढंच. दोन शब्द. तिने टॅक्सी केली असती, चार दिवस बोलली नसती, पाचव्या दिवशी बोलली असती.

विचार अर्धवट राहिला. स्टॉप आला.

१६ जून, सोमवार

बाबा आमच्याकडेच. डोळ्यावर पट्टी, अजून काही आठवडे. दिवसभर खुर्चीत, मान खाली. थेंब घालायचे असतात, वेळच्या वेळी.

मी हिला म्हणालो, मी घालीन थेंब. तू ऑफिसला जा बिनधास्त. मनापासून म्हणालो. ती म्हणाली, "नको." दुपारच्या थेंबांसाठी ती ऑफिसातून रिक्षाने येते, घालते, परत जाते. थेंबांची बाटली तिच्या पर्समध्ये असते. घरातही पर्स खांद्यालाच. रात्री उशाशी.

बाबा माझ्याशी नीट बोलतात. चहा आवडला म्हणतात. पेपर वाचून दाखवला तर ऐकतात. गाडीचं नाव काढत नाहीत. मीच एकदा म्हणालो, बाबा, त्या दिवशी ट्रकवाल्याने जरा लक्ष दिलं असतं तर. ते म्हणाले, "हं." बातमी पुढे वाचा म्हणाले.

माझ्या मते त्यांच्या मनात काही नाही. फार मोठ्या मनाचा माणूस.

१९ जून, गुरुवार

माझी सुट्टी. ही थेंब घालून ऑफिसला परत गेली. घरात आम्ही दोघंच.

मी आतल्या खोलीत होतो. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बघतो तर बाबा उठून उभे, खुर्चीचा हात धरून, दुसरा हात पुढे हवेत. बाथरूमकडे जायचं असणार. चार पावलांवर तर आहे.

मी धावलो. म्हटलं, थांबा, थांबा, हात धरतो.

त्यांनी मान थोडी वळवली. "कोण?"

"मी."

ते तसेच उभे राहिले. हवेतला हात हळूच खाली घेतला.

"ती कधी येणार?"

"सहाला."

"बरं," म्हणाले. चाचपडत खुर्ची शोधली आणि परत खाली बसले. "मग थांबतो."

मी बाजूच्या खुर्चीत बसलो. पेपर वाचू का, विचारलं. नको म्हणाले.

अजून चार वाजायचे आहेत.